बुधवारचा तिसरा तास

ताईंना शाळेत स्वतःची खोली मिळायला सात वर्षं लागली, आणि मिळाली तीही खेळाच्या सामानाची. मुख्याध्यापकांनी मोठ्या मनानं चटया आणि हवा गेलेले चेंडू हलवून दिले. उंच उडीचे दोन खांब मात्र दुसरीकडे कुठे मावेनात, म्हणून ते कोपऱ्यात तसेच राहिले. समोर बसलेली माणसं बोलता बोलता त्या खांबांकडे बघत राहायची. ताई म्हणायच्या, बघू देत, माझ्या तोंडाकडे बघत बोलण्यापेक्षा त्यांना ते सोपं जातं.

नेमणुकीच्या कागदावर त्यांचं पद होतं शालेय समाजकार्यकर्ती. हा शब्द शाळेत कुणाच्याच जिभेवर बसला नाही. मुलं त्यांना ‘बोलायच्या ताई’ म्हणत, कारण त्यांच्या खोलीत गेलं की बोलायचं असतं. शिक्षकांचे दोन तट होते. अर्ध्यांना वाटे, ही बाई दिवसभर खुर्ची उबवते आणि चहा पिते. उरलेल्या अर्ध्यांना वाटे, सोमवारी एखादं वांड कार्टं हिच्या ताब्यात दिलं की शुक्रवारी ते सरळ होऊन परत मिळावं, इस्त्रीला टाकलेल्या सदऱ्यासारखं. ताई दोघांशीही हसून बोलत. चोवीस वर्षं त्यांनी याच शाळेत काढली होती आणि हसून बोलल्याशिवाय ती निघाली नसती.

त्यांच्या कामाच्या काही रीती ठरलेल्या होत्या. खुर्च्या समोरासमोर नाही, जरा तिरक्या. घड्याळ मुलाच्या पाठीमागच्या भिंतीवर, म्हणजे आपल्याला वेळ कळते आणि मनगटाकडे बघावं लागत नाही. मूल आलं की आधी पाणी द्यायचं, कारण पाणी पिणाऱ्याला बोलावं लागत नाही आणि तेवढ्यात ते खोली बघून घेतं. ‘का केलंस’ असं कधी विचारायचं नाही, ‘मग काय झालं’ असं विचारायचं. कुणाच्या घरी जेवणाच्या वेळेला जायचं नाही. वर्गात जाऊन मोठ्यानं नाव पुकारायचं नाही, घडी घातलेली चिठ्ठी पाठवायची. दरवर्षी नव्यानं लागलेल्या समाजकार्यकर्त्यांसाठी एक दिवसाचं शिबिर व्हायचं, तिथे ताई हे सगळं सांगायच्या आणि वीसेक तरुण माणसं माना खाली घालून लिहून घ्यायची.

त्या शिबिरात सगळ्यात जास्त दाद मिळायची ती तासांच्या युक्तीला. मुलाला भेटायला बोलवायचं ते नेमक्या कुठल्या तासाला, हा या कामातला खरा डोकेदुखीचा प्रश्न. गणिताचे सर म्हणत, “न्या की, पण मग परीक्षेत त्याच्या जागी तुम्हीच बसा.” भाषेच्या बाईंचं शुद्धलेखन कायम चालू असे. विज्ञानाच्या तासाला प्रयोग असे, आणि प्रयोग नसला तर प्रयोगाची तयारी असे. खेळाच्या तासाला मैदानावरून मूल उठवलं की साऱ्या शाळेला दिसतं. राहता राहिला चित्रकलेचा तास. चित्रकलेचे सर म्हणजे गरीब माणूस. दारात चिठ्ठी दिसली की कुणाची आहे हेही न विचारता म्हणायचे, “न्या, न्या.”

“मुलाचं नुकसान होऊ द्यायचं नाही,” ताई शिबिरात सांगत. “गणित बुडलं की बुडलं. चित्र काय, घरीही पुरं करता येतं.” ती तरुण माणसं पटापट लिहून घेत.

एके दिवशी शाळा भरायच्या आधीच एक माणूस खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. उन्हानं रापलेला, हातांना वंगणाचा कायमचा काळपटपणा. सहावीतल्या एका मुलीचा तो बाप होता. त्या मुलीला सगळे मुंगी म्हणत, कारण ती अंगानं एवढीशी होती आणि कधी रिकाम्या हातानं दिसायची नाही. सतत काही ना काही उचलून कुठेतरी नेत असायची. मुंगी तीन वर्षांची असताना तिची आई गेली. बाप मालवाहू बोटीवर यंत्रं सांभाळायचा, नऊ-नऊ महिने पाण्यावर. मग त्याच्या धाकट्या बहिणीनं, म्हणजे मुंगीच्या आत्यानं, पोरीला सांभाळलं. आता त्यानं बोट सोडली होती. बंदराच्या गावात, एका कारखान्यात जमिनीवरची नोकरी धरली होती, दुसरं लग्न केलं होतं, आणि त्याला मुलगी घरी न्यायची होती.

“हक्क सांगायला नाही आलो, ताई,” तो खांबांकडे बघत म्हणाला. “बहिणीनं नऊ वर्षं वाढवलं. आता येऊन माझी म्हणायचं, मलाच कसंतरी वाटतं. पण बाप आहे ना. तुम्ही पोरीला विचारा. ती नको म्हणाली तर मी नेणार नाही. तुमच्यासमोर शब्द देतो.”

“तुम्ही स्वतः विचारलंत?”

“विचारलं. मान खाली घालून बसली. मला ती ओळखते कुठे धड?”

ताईंना तो माणूस आवडला. अशा प्रकरणांत आई-बाप कसे भांडतात हे त्यांनी चोवीस वर्षं पाहिलं होतं. इथे सगळं एका पोरीच्या ‘हो’ किंवा ‘नाही’वर ठेवायला बाप स्वतःच तयार होता. याहून सरळ काम त्या वर्षी त्यांच्याकडे आलं नव्हतं. सहा आठवड्यांत अहवाल देते, असं त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आत्याकडे गेल्या. आत्याचं घर म्हणजे दोन खोल्या, त्यातली पुढची शिवणाची. भिंतीला लागून यंत्र, टेबलावर कापलेल्या गणवेशांचे गठ्ठे, एका खिळ्यावर नुसत्या कॉलर ओवून ठेवलेल्या. आत्या चाळिशीच्या आत-बाहेरची, गळ्यात मापाची फीत, आणि बोलण्याची अशी हौस की तोंडात टाचण्या धरूनही थांबायची नाही. मुंगी पाचवीत कशी आजारी पडली, मुंगीला दूध कसं चालत नाही, मुंगी झोपेत कशी बडबडते, हे सगळं तिनं दहा मिनिटांत सांगून टाकलं. मग एकदम गप्प झाली आणि टाचण्या काढून डबीत ठेवल्या.

“मी तिला काय सांगू, ताई?”

“काहीच सांगू नका,” ताई म्हणाल्या. हे त्यांना पाठ होतं. “जा म्हणू नका, राहा म्हणू नका. तिच्यासमोर रडू नका. तुमच्या मनात काय आहे हे तिला कळलं, की ती तुमच्या मनासारखं बोलेल. तिचं काय ते आपल्याला कधी कळायचंच नाही.”

“विचारूही नको? तुला काय वाटतं गं, एवढंसुद्धा?”

“एवढंसुद्धा नको. तिनं विषय काढला तरी दुसरं काहीतरी बोला. सहा आठवड्यांचा प्रश्न आहे. मी विचारते ना.”

आत्यानं गळ्यातली फीत काढली, गुंडाळली, परत सोडली. “बरं. तुम्ही त्यातल्या शिकलेल्या आहात. माझ्या हातून काही वेडंवाकडं नको व्हायला.”

ती दिलेल्या मापाबाहेर बोटभरही न जाणारी बाई होती. ताईंना हे बघून बरंच वाटलं. सांगितलेलं ऐकणारी माणसं त्यांच्या कामात विरळा.

बुधवारी तिसऱ्या तासाला सहावीची चित्रकला असायची. ताईंनी चिठ्ठी पाठवली. मुंगी आली ती जवळजवळ धावत, कोपरापर्यंत निळा रंग. खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली, पाणी एका घोटात संपवलं आणि भांडं खाली ठेवलं. पहिल्या भेटीत मुद्द्याला हात घालायचा नाही, ही ताईंची रीत. म्हणून त्यांनी शाळेचं विचारलं, मैत्रिणींचं विचारलं. मुंगीनं भराभर उत्तरं दिली. सगळं छान होतं. बारा मिनिटांत बोलणं संपलं.

दुसऱ्या बुधवारी ती बसली आणि स्वतःच म्हणाली, “तुम्हाला बाबांचं विचारायचंय ना? आत्याला विचारलं तर ती दुसरंच काहीतरी बोलते. जाईन मी बाबांकडे.”

“घाई नाही गं. सावकाश विचार कर.”

“केला विचार. जाईन. झालं का?”

ताईंनी वहीत लिहिलं, ‘मुलगी मोकळेपणानं बोलते. निर्णयाबाबत संभ्रम नाही.’ वेळेच्या रकान्यात लिहिलं, नऊ मिनिटं.

तिसऱ्या भेटीत त्यांनी प्रश्न उलटा करून विचारला. हीसुद्धा रीतच होती, मूल नुसतं आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलत नाही ना, हे तपासायची. “आणि आत्याकडेच राहायचं असं ठरलं तर?”

मुंगी पहिल्यांदाच खुर्चीत मागे सरकून बसली. हातावरचा सुकलेला रंग नखानं खरवडत राहिली.

“आत्या काही म्हणाली का?”

“आत्या काही म्हणालेली नाही. तिचं राहू दे. तुझं काय ते सांग.”

मागच्या अंगणातून पोरांचा गलका आला, कुणीतरी शिडी ओढत होतं. मुंगीनं मान वर करून खिडकीकडे पाहिलं.

“मग जाते बाबांकडे,” ती म्हणाली, आणि उठली.

चौथी भेट केवळ नियमासाठी होती. सात मिनिटं.

अहवाल वाचून दाखवायला ताईंनी बाप आणि आत्या दोघांनाही बोलावलं. ‘मुलीची वडिलांकडे जाण्याची इच्छा असून ती तिने वेगवेगळ्या भेटींत, कोणत्याही दबावाविना, तीन वेळा व्यक्त केली आहे.’ बापानं हाताच्या पालथ्या बाजूनं डोळे पुसले. आत्या सरळ बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात.

“तिनंच म्हटलं?”

“तिनंच.”

“मी काही बोलले नाही हं तिला. तुम्ही सांगितलंत तसं. एक शब्द नाही.”

“अगदी बरोबर केलंत,” ताई म्हणाल्या, आणि तिच्या हातावर थोपटलं.

दिवाळीची सुट्टी लागली तशी मुंगी गेली. ताईंनी प्रकरणाची फाईल बंद करून कपाटात लावली. त्या वर्षीच्या शिबिरात त्यांनी नाव-गाव न सांगता तिचं उदाहरणही दिलं, सगळी मोठी माणसं शहाण्यासारखी वागली तर काम कसं सुरळीत होतं ते सांगायला.

नव्या वर्षाचं वेळापत्रक लागायच्या सुमारास, म्हणजे सुट्टी उलटून आठ महिने झाल्यावर, ताई शिक्षकांच्या खोलीत चित्रकलेच्या सरांशेजारी चहा घेत बसल्या होत्या. सहावीची चित्रकला यंदाही बुधवारी तिसऱ्या तासालाच राहू द्या, मला सोयीचं पडतं, असं त्या म्हणाल्या. सरांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ‘नाही’ म्हणाले.

“या वर्षी नको, ताई. राग मानू नका. नेहमी माझ्याच तासाची पोरं उचलता तुम्ही. गेल्या वर्षी ती मुंगी. मागच्या भिंतीवर आम्ही ते मोठं चित्र केलं ना, सहा आठवडे? वरचं आभाळ सगळं तिचं होतं. शिडीवर चढायची परवानगी एकट्या तिला. आणि ऐन रंगात आली की तुमची चिठ्ठी.”

“अहो, पण सांगायचंत मला.”

“काय सांगणार? परत यायचीच की लगेच धावत. मीच एकदा म्हटलं, एवढ्यात सोडलं गं ताईंनी? तर म्हणाली, ‘त्यांना हो म्हटलं की लवकर सोडतात.’” सर खो-खो हसले. “महाबिलंदर पोर!”

ताईंनी कप खाली ठेवला. हसण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. सर पुढे भिंतीच्या रंगाबद्दल, पोपडे धरल्याबद्दल बोलत होते. त्यांना काही कळलं नाही, आणि कळायचं कारणही नव्हतं.

खोलीत येऊन त्यांनी फाईल काढली. वेळेचा रकाना त्यांच्याच हस्ताक्षरात होता. बारा, नऊ, अकरा, सात. चोवीस वर्षांत कुठलंही मूल घर सोडायचा निर्णय एवढ्या थोड्या मिनिटांत सांगून मोकळं झालं नव्हतं. तेव्हा त्यांना हे आकडे बघून वाटलं होतं, किती ठाम पोरगी आहे. आपल्याच अक्षराची त्यांना लाज वाटली. आणि मग ती शिबिरातली वीस-वीस माणसं आठवली, दरवर्षीची, माना खाली घालून लिहून घेणारी. ती आज कुठल्या कुठल्या शाळांत कुणाकुणाला चित्रावरून उठवत असतील, याचा हिशेबच लागेना.

संध्याकाळी त्या आत्याच्या घरी गेल्या. दारावरची शिवणकामाची पाटी नव्हती. आत दुसरीच माणसं राहत होती, त्यांनी फोन नंबर दिला. ताईंनी तिथेच पायरीवर उभं राहून फोन लावला.

आत्याचा आवाज खणखणीत होता. “ताई! अहो, तुम्हाला कळलं नाही? लग्न केलं मी! कचेरीत जाऊन सह्या केल्या, झालं. हे तीन वर्षं मागे लागले होते, मीच थांबवत होते, पोरीचं काय होईल म्हणून. यांची नोकरी इतकी लांब, यांच्या घरी यांचे आई-वडील, त्यात आणखी पोरगी कुठे नेऊ? मग त्या दिवशी तुम्ही ते वाचून दाखवलंत. घरी आले, एक दिवस रडले मनसोक्त. मग म्हटलं, चला, तिला आता आपली गरज नाही, आपलं काम झालं. आणि यांना हो म्हणून टाकलं. बरं झालं हो सगळं. चांगला माणूस आहे.”

“छान झालं,” ताई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

“मुंगीची काही खबर? फोनवर नुसतं हो आणि नाही करते माझ्याशी. रागावली असेल का हो माझ्यावर? मी तर काही बोलले नव्हते.”

सांगायचं तर हीच वेळ होती. “बघून येते मी एकदा तिला,” त्या म्हणाल्या.

रविवारी त्या सकाळच्या गाडीनं निघाल्या. गाडीत पाच तास त्या स्वतःला समजावत होत्या, की कदाचित पोरगी खरंच खूश असेल. तसं झालं तर आपण सुटलो, हा विचारही मनात आला, आणि त्याबद्दल त्यांनी स्वतःला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं, नीटनेटकं. दार उघडलं ते नव्या आईनं. सातवा महिना, कमरेवर हात ठेवून चालत होती. ताईंनी मनाशी वाईटातलं वाईट चित्र रंगवून ठेवलं होतं, पण ही बाई इतकी साधी आणि चांगली होती की त्यांना तिच्याविरुद्ध धरून ठेवायला काहीच सापडेना. मुंगीसाठी तिनं खिडकीजवळ वेगळं टेबल लावलं होतं. “अभ्यासाला उजेड हवा ना,” म्हणाली. “पोरगी गुणाची आहे हो. न सांगता सगळं करते. जरा कमी बोलते, एवढंच.” बाप कारखान्यात जादा पाळीवर गेला होता. चहा झाल्यावर ती आपण होऊन आतल्या खोलीत जाऊन पडली.

मुंगी चांगली चार बोटं उंच झाली होती. दोघी गॅलरीत बसल्या, जमिनीवरच. समोर वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोऱ्या, त्यापलीकडे बंदरावरच्या माल उचलायच्या उंच क्रेन.

“आत्ता तुला कुठे जायचं होतं का?” ताईंनी विचारलं. “काही करत होतीस? मध्येच उठवलं का मी?”

“नाही.”

“नक्की?”

“नक्की. रविवारी काही नसतं.”

“मग मी एक विचारते, आणि तू लगेच उत्तर देऊ नकोस. मी संध्याकाळपर्यंत इथेच आहे.” ताईंनी वही आणली नव्हती. हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. “त्या वेळी तुला यायचं होतं का इथे?”

मुंगीनं खरंच लगेच उत्तर दिलं नाही. खालून एक सायकल गेली, दुसरी गेली. आत नव्या आईनं कूस बदलल्याचा खाटेचा आवाज आला.

“इथे काही वाईट नाहीये,” ती हळू आवाजात म्हणाली.

“ते दिसतंय मला. मी ते नाही विचारलं.”

“मला आत्याकडेच राहायचं होतं.”

“मग मला सांगितलं का नाहीस?” प्रश्न तोंडून गेला आणि मग ताईंच्या लक्षात आलं, की त्यांनी ‘का’ विचारलं होतं. मुंगीला त्याचं काही वाटलं नाही. तिला उत्तर माहीत होतं, तयारच होतं.

“आधी मला चित्राकडे जायचं असायचं म्हणून. तुम्ही हळूहळू विचारायच्या, तोवर दुसरं कुणीतरी माझं आभाळ रंगवायचं. पण मी सांगणार होते खरं. तिसऱ्या वेळी. म्हणून तर तुम्हाला विचारलं, आत्या काही म्हणाली का. तुम्ही म्हणालात, काही नाही म्हणाली.”

मुंगी पुढे सांगत राहिली.

“आत्या किती बडबड करते, तुम्हाला माहीत नाही. आणि बाबा येऊन गेल्यापासून गप्पच. मी बाबांचं काढलं की उठून यंत्रावर बसायची. मी मुद्दाम विचारलं एकदा, माझी मोठी बॅग कुठे आहे? मला वाटलं, म्हणेल, कशाला हवी गं बॅग? तर म्हणाली, माळ्यावर आहे. आणि शिवत राहिली.” मुंगीनं गुडघे पोटाशी घेतले. “मग मला कळलं, तिलाही मोकळं व्हायचंय. ते काका यायचे ना कधी कधी, गणवेशाचं कापड घेऊन. माझ्यामुळे तिचं अडलं होतं. मी काही एवढी लहान नव्हते.”

“मुंगे,” ताई म्हणाल्या. “आत्याला मी सांगितलं होतं. गप्प बस म्हणून. तुला काही विचारायचं नाही, राहा म्हणायचं नाही, रडायचं नाही, तू विषय काढलास तर बदलायचा. मी तिच्याकडून तसं कबूल करून घेतलं होतं. ती मला विचारत होती, एवढंही विचारू नको का म्हणून. मी म्हटलं, एवढंही नाही. चूक माझी आहे. तिची नाही आणि तुझी तर अजिबात नाही.”

मुंगी त्यांच्याकडे बघत राहिली. तिला पुरतं समजायला थोडा वेळ लागला, आणि समजत गेलं तसं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत गेलं. ताईंना तिकडे बघवेना, पण दुसरीकडे बघायचा आपल्याला हक्क नाही असं वाटून त्या बघत राहिल्या.

“म्हणजे तिला मी हवी होते?”

“हो.”

“बॅगचं विचारलं तेव्हापण?”

“तेव्हापण.”

मुंगी रडली नाही. ताईंनी चोवीस वर्षांत शेकडो मुलांना रडू दिलं होतं, कसं रडू द्यायचं ते शिकवलंही होतं. ही रडली असती तर त्यांना काय करायचं ते कळलं असतं.

“मी आत्याला सांगते सगळं,” ताई म्हणाल्या. “आजच फोन करते. तुझ्या बाबांशीही बोलते. काही ना काही मार्ग काढू आपण.”

“नको.” मुंगीनं मान हलवली. “तिच्या नव्या घरात कुठे राहणार मी? आणि तिला कळलं तर ती रडत बसेल. आत्ता खूश आहे. फोटोत दिसते. लग्नाला बाबा एकटेच गेले होते, माझी परीक्षा होती.” मग थोड्या वेळानं, आतल्या खोलीकडे बघून, ती आणखी हळू म्हणाली, “आणि इथे बाळ येणार आहे. हिला एकटीला नाही जमायचं.”

बारा वर्षांची पोरगी बोटांवर मोजत सगळ्यांची सोय लावत होती, आणि त्यात कुठेही चूक काढता येत नव्हती. पुन्हा उघडावं असं प्रकरणच उरलं नव्हतं. कुणी मारत नव्हतं, कुणी उपाशी ठेवत नव्हतं, कुणाचा वाईट हेतू नव्हता. ताईंकडच्या कुठल्याही छापील अर्जात हे बसलं नसतं.

“माझं चुकलं गं,” ताई म्हणाल्या. “फार चुकलं. मला माफ कर असं म्हणायलाही मला तोंड नाही.”

मुंगीनं ते ऐकलं की नाही कळलं नाही. ती कसलीतरी जुळवाजुळव करत होती, कपाळाला आठी घालून.

“किती दिवस गप्प बसायला सांगितलं होतं?”

“सहा आठवडे.”

“आणि ती सहाच्या सहा आठवडे बसली?”

“बसली. एक शब्द बोलली नाही. मला येऊन सांगितलंही तिनं तसं.”

मुंगीच्या डोळ्यांत तेव्हा कुठे पाणी आलं, आणि पाण्याबरोबर राग.

“तिनं एकदा तरी तुमचं ऐकायचं नव्हतं,” ती म्हणाली.

“हो,” ताई म्हणाल्या. “नव्हतं ऐकायचं.”